फ्रिजच्या खोक्यातला वारा

दस्तगीरभाई पेंटर कुठलीही गोष्ट सरळ बघत नाहीत. मान उजवीकडे कलती करतात, एक डोळा बारीक करतात आणि ती वस्तू उजेडाकडे तिरकी धरतात. भाकरी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर नवी कोरी नोट, सगळं तिरकं. माणूस उचलून तिरका धरता येत नाही, म्हणून तिथं ते स्वतः वाकतात. मी पहिल्यांदा त्यांच्या शेळगावच्या घरी गेलो, तेव्हा दारातच त्यांनी माझं कपाळ असं काही निरखलं की मला वाटलं, येताना वाटेत काहीतरी चिकटलं असावं. मी रुमाल काढला.

"पुसू नका," ते म्हणाले. "मॅट हाय. चांगलं हाय. बसा."

त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, मॅट आणि ग्लॉस. मॅट म्हणजे भरवशाची. ग्लॉस म्हणजे वरून चकाकणारी. एकदा मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी अंगणात उन्हात उभं केलं, चहूबाजूंनी वाकून बघितलं आणि सांगितलं, "साहेब, तुमच्या ग्लॉसखाली प्रायमरच न्हाय." उमेदवाराला ते कौतुक वाटलं. हात जोडून, हसून गेला बिचारा.

चाळीस वर्षं या माणसानं इंदापूर तालुक्यातल्या ट्रॉल्या रंगवल्या. उसाच्या, खताच्या, वाळूच्या, वरातीच्या. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, हातात स्प्रे गन, तोंडाला फार तर खांद्यावरचा टॉवेल. मग छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, आता गन धरायची नाही. ते ऐकून दस्तगीरभाई नुसते हसले होते. पण त्यांच्या पत्नी हमीदाभाभी हसल्या नाहीत. त्यांनी घरी येऊन गन स्वच्छ धुतली, जुन्या ओढणीत गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. त्याला दोन वर्षं झाली होती.

या घरात मी का शिरलो, ते सांगायचं तर माझी अब्रू थोडी काढावी लागेल. तशी ती फारशी शिल्लक नाही, त्यामुळे अडचण नाही.

मी बारामतीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि रविवारी भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी पालथा पडून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो. दहा-बारा वर्षं पडतोय. त्यातल्या चोवीस फोटोंचं प्रदर्शन शाळेच्या सभागृहात भरवायचं ठरलं. आता त्या सभागृहात समोरासमोर खिडक्या आणि वर ट्यूबलाइटी. काचेच्या फ्रेममध्ये लावलेला फोटो तिथं दिसतच नाही. बघणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसतं आणि मागं खिडकीबाहेरची सायकलींची रांग. म्हणून मी ठरवलं, काच नकोच. फोटोला वरून मॅट वॉर्निशचा पातळ फवारा द्यायचा आणि उघडाच टांगायचा. मोबाइलवर एक गोरा माणूस हे काम शीळ घालत करताना मी बघितलं होतं.

मी पहिले चार फोटो आमच्या गच्चीवर फवारले. दिवस गळीत हंगामाचे. या दिवसांत कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी उडते आणि दोरीवरच्या वाळत्या धुण्यावर येऊन बसते, हे बारामतीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. भूगोलाच्या शिक्षकाला ते वॉर्निश ओलं असताना आठवलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "अहो, यांना कांजिण्या आल्यात."

मग मी बाथरूमचं दार-खिडकी लावून घेतली आणि आत तीन फोटो फवारले. तिथं काजळी नव्हती. डास होते. शिवाय मी स्वतः दोन दिवस खोकत होतो आणि जेवणाला वॉर्निशची चव लागत होती. शेवटी रंगाच्या दुकानदाराला माझी दया आली. तो म्हणाला, "शेळगावला दस्तगीर पेंटर आहेत. मारत नाहीत आता, पण सांगतील."

तर असा मी कांजिण्यांचे फोटो घेऊन गेलो. दस्तगीरभाईंनी ते एकेक करून खिडकीच्या उजेडात तिरके धरले.

"ही कारखान्याची राख. हा डास. हितं तुमच्या बोटाचं तेल. हितं तर सर तुमी शिंकलाय."

मी कबूल केलं.

"डास आला म्हंजी बंद खोलीत मारलं. तोंडाला काय बांधलं हुतं?"

"काही नाही."

ते उठले, आतून एक मोठं पाकीट घेऊन आले. त्यातून छातीचा एक्सरे काढला आणि तोही तसाच तिरका धरला.

"ह्यो माझा फोटू. ह्याला वारनिस आतनं बसलंय. बघून घ्या नीट."

मी बघितला. मला त्यातलं काही कळत नाही, पण माझा खोकला त्या क्षणी थांबला हे खरं.

"गन द्यीन," ते म्हणाले. "पर आधी वारा बांधायचा. एक खोकं करायचं. फोटू खोक्यात, तुमी भायेर, मागं पंखा. तुमच्या तोंडाकडनं हवा आत ओढली पायजे आन् मागनं खिडकीभायेर गेली पायजे. मधी जाळी, म्हंजी रंग जाळीला बसंल. आमच्या येळंला ह्ये कुणी सांगितलंच न्हाय."

"कोणती गन देणार?" आतून आवाज आला आणि पाठोपाठ हमीदाभाभी चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, कमरेला किल्ली, आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. मी शिक्षक असून मला तो ओळखता आला, कारण मी आयुष्यभर त्या भावापुढं उभा राहिलोय.

"सरांना पायजे," दस्तगीरभाई म्हणाले.

"आन् पेंटरला न्हाय पायजे व्हय?" नवऱ्याला त्या 'पेंटर' म्हणतात. "करा काय खोकं करायचं त्ये. मी सैपाकघरात बसणार. माझ्या नाकाला वास आला, तर गन परत कपाटात न्हाय जायाची. सरळ भंगारवाल्याच्या काट्यावर जाईल."

"आन् वास न्हाय आला तर?"

"तर सर मारत्याल. तुमी खिडकीभायेर उभं ऱ्हाऊन सांगा."

दस्तगीरभाईंनी बशीतला चहा संपवला. मग शाळेतल्या पोरानं सहलीला जाऊ का विचारावं, तशा आवाजात म्हणाले, "एक फोटू मारतो की. एकच. मास्क लावून."

भाभींनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मी माझा चहा आणि चुकून त्यांचाही चहा पिऊन टाकला.

"एक," त्या म्हणाल्या. "मोजून. त्यो पण खोकं पास झालं तर."

दस्तगीरभाईंनी कपाटाकडे बघितलं. मान न कलवता, डोळा बारीक न करता. तेव्हा मला कळलं की माझं प्रदर्शन वगैरे ठीक आहे, पण या खोक्यावर माझ्या चोवीस पक्ष्यांपेक्षा मोठं काहीतरी टांगलेलं आहे.

कामाला लागलो. खोकं मी आणलं, बारामतीच्या दुकानातून, दोन दारांच्या फ्रिजचं. ते मोटरसायकलवर माझ्या पाठीला उभं बांधलं आणि शेळगावकडे निघालो. वाऱ्याचा अभ्यास मी पुस्तकात केला होता, पाठीवर केला नव्हता. निम्म्या वाटेत गाडी माझी राहिली नाही, खोक्याची झाली. ते नेईल तिकडं मी जात होतो. एका उसाच्या कडेला दोघंही आडवे झालो. बांधावरचे एक आबा म्हणाले, "आवं, फ्रिज फुटला का हो आतला?" मी म्हणालो, आत फ्रिज नाही. त्यांनी खोक्यात डोकावून खात्री केली आणि म्हणाले, "मंग रिकामं खोकं वाहताय कशापायी?" या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर नव्हतं.

पंखा दस्तगीरभाईंच्या ओळखीतल्या पोल्ट्रीवाल्या तात्यांनी दिला. कोंबड्यांच्या शेडमधला, पत्र्याच्या चौकटीचा, ट्रकच्या चाकाएवढा. दस्तगीरभाईंनी खोक्याच्या मागच्या बाजूला गोल कापला, खोकं खिडकीला टेकवलं, मध्ये कूलरची जाळी लावली, आतून पांढरा कागद डकवला. प्रत्येक सांध्याला चिकटपट्टी लावून त्यावरून अंगठा फिरवत ते म्हणायचे, "वारा लबाड असतोय सर. फट दिली की पळाला." मला त्यांनी एकच काम दिलं, पंखा बसवायचं. चौकटीवर बाण होता. म्हणाले, "बाण बघून बसवा." आणि जेवायला गेले.

आता इथं माझं शिक्षण आडवं आलं. भूगोलात वाऱ्याला नाव पडतं ते तो जिकडून येतो त्या दिशेचं. पश्चिमी वारे पश्चिमेकडून येतात, पश्चिमेकडे जात नाहीत. हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून शिकवतोय आणि पोरं हमखास उलटं लिहितात. मी तो बाण बघितला आणि शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की वारा जिकडून येणार ती बाजू बाणानं दाखवली आहे. चार स्क्रू पिळून बसवले. फार समाधान वाटलं.

चाचणीसाठी दस्तगीरभाईंनी भाभींचा पावडरचा डबा घेतला. खोक्यासमोर मूठभर पावडर उधळायची, ती सगळी आत ओढली जाऊन बाहेर गेली की खोकं पास. भाभी परीक्षक म्हणून अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं.

पावडर तर आलीच अंगावर. पण तात्यांच्या पंख्याच्या पात्यांमागं कितीतरी कोंबड्यांची पिसं अडकून बसली होती. तीही त्या वाऱ्याबरोबर आली. बटण बंद केलं तेव्हा हमीदाभाभी नखशिखांत पांढऱ्या होत्या आणि त्यांच्या कानावर एक तांबूस पीस डौलात बसलं होतं. मी आयुष्यात इतक्या जवळून एवढा मोठा पक्षी पाहिला नव्हता आणि तेव्हा नेमका कॅमेरा नव्हता.

"ह्ये औषध डॉक्टरनं सांगितलंय व्हय?" भाभी म्हणाल्या.

दस्तगीरभाईंनी पावडरचा डबा पाठीमागं लपवला.

"नापास." त्यांनी कमरेची किल्ली एकदा चाचपली आणि आत गेल्या.

दस्तगीरभाईंनी पंख्याजवळ जाऊन बाण बघितला, मग मला बघितलं. मी पश्चिमी वाऱ्यांबद्दल सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर बसले, पँटवरची पावडर झटकत, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मधूनच आपोआप वाकत होतं, गनचा घोडा दाबल्यासारखं. मी त्या दिवशी बारामतीला परत येताना खोकं पाठीवर नसूनही वाकून आलो.

पुढच्या रविवारी मी नवा पावडरचा डबा घेऊन गेलो. पडदे धुवायचीही तयारी ठेवली होती. ती भाभींनी मान्य केली. मी पडदे पिळत असताना आत वाटाघाटी चालल्या होत्या.

"चूक वाऱ्याची न्हाय, माझी न्हाय, सरांची हाय," दस्तगीरभाई सांगत होते. "सरांना एक चान्स दे."

"सरांना वरच्या वर्गात ढकलायचं काम तुमाला कुणी दिलं?"

"आगं, गरीब हाय. मॅट हाय."

एवढ्या शिफारशीवर मी पास झालो. पंखा उलटा केला, म्हणजे सुलटा केला. जमिनीवर ओलं गोणपाट पसरलं, धूळ उठू नये म्हणून. या वेळी पावडर नाही. भाभींनी स्वतः लोबानाची उदबत्ती पेटवून खोक्यासमोर धरली. धुराची रेघ क्षणभर घुटमळली, मग आडवी झाली आणि शिस्तीत खोक्यात शिरली, जाळीतून गेली, खिडकीबाहेर शेवग्याच्या झाडाकडे निघून गेली. भाभींनी उदबत्ती वर धरली, खाली धरली, कोपऱ्यात धरली. रेघ तिकडंच. त्यांनी कपाट उघडलं.

मी मास्क लावून फवारायला उभा राहिलो आणि दस्तगीरभाई, तेही मास्क लावून, अंगणातून दुसऱ्या खिडकीत उभे राहिले. तिथून त्यांनी मला जे शिकवलं, ते बी.एड.ला कोणी शिकवलं नाही.

"एक वीत लांब धरा! कागदाच्या भायेर घोडा दाबा, भायेरच सोडा! सर, रोपाला पाणी घालताय का? वघळ यील! हात वळवू नका, चालवा... चालवा म्हंजी तुमी नका चालू, हात!"

पुठ्ठ्यांचे सहा तुकडे मी वाया घालवले. सातव्याला ते म्हणाले, "व्हय." त्यानंतर एकेक फोटो आत गेला आणि पातळ, कोरडा, न चकाकणारा होऊन बाहेर आला. बघणाऱ्याला आता पक्षी दिसणार होता, स्वतःचं तोंड नाही. बावीस झाले. स्वयंपाकघरातून भाभींनी आवाज दिला, "वास न्हाय. नुसती आमटी येतीया."

म्हणजे खोकं पास. आता पेंटरची पाळी. ते अंगणातून आत आले.

उरले होते दोन फोटो. माझा सगळ्यात लाडका, पहाटेच्या गुलाबी पाण्यातून एकदम उठलेला थवा, मी त्यांच्यासाठी मुद्दाम मागं ठेवला होता. दुसरा म्हणजे माझाच एक घोटाळा. छपाईला फोटो पाठवताना मी एक क्रमांक चुकवला होता. मी काठावर पालथा असताना रस्त्यानं एक रिकामी उसाची ट्रॉली मध्ये आली आणि नेमकी तिच्या मागच्या फळीवर कॅमेऱ्याची नजर बसली, तो फोटो. पुढं ट्रॉलीची फळी स्पष्ट, मागं पक्ष्यांच्या जागी गुलाबी डाग. मी ओशाळून तो बाजूला करायला लागलो.

"त्यो ठेवा आत," दस्तगीरभाई म्हणाले.

"अहो, हा चुकून आलाय. हा घ्या ना, थव्याचा."

"त्यो तुमी मारा. तुमाला आता येतंय."

त्यांनी गन हातात घेतली. मी हे काम करत होतो तेव्हा ती यंत्र होती, आता नव्हती. फवाऱ्याचा आवाजसुद्धा वेगळा आला, सलग, हलका, सुती कापड हळू फाडल्यासारखा. हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक वेळी आधीच्या पट्ट्यावर निम्मा. सहा फेऱ्या. मोजून. भाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, वास घ्यायला नाही. सातवी फेरी मारायला जागा होती, मला दिसली. त्यांनाही दिसली असणार. त्यांनी घोडा सोडला, गन स्वतः धुतली, पुसली आणि भाभींच्या हातात दिली.

भाभींनी ती घेतली, पण लक्ष त्यांचं खोक्यात होतं. त्या वाकल्या.

"ही किटली कसली?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. ट्रॉलीच्या फळीवर मोठ्या अक्षरांत मालकाच्या पोरांची नावं होती, वेलबुट्टी होती आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, वितीएवढी निळी किटली. झाकण लाल. चोचीतून वाफेच्या तीन रेघा.

"आमची हाय ही," भाभी म्हणाल्या. "मी रोज चारला शेडवर चहा धाडायची, ती. झाकण हरवलं म्हणून लाल बसवलं हुतं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "पेंटर?"

दस्तगीरभाई मास्कमधून खोकले. खोकला खरा होता की नाही, मला सांगता येणार नाही. "कुपरा मोकळा दिसतोय म्हणून काढायचो," ते म्हणाले.

"किती ट्रॉल्यांवर?"

"समद्यांवरच."

"आन् मला कधी बोलला न्हाय?"

"ऊस भरल्यावर कुपरा दिसतोय कुठं? शेंड्याचं वाडं लोंबत असतंय वरनं."

भाभी गन तशीच छातीशी धरून उभ्या होत्या. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसालाही कळलं की आता अंगणात जाऊन शेवग्याचं निरीक्षण करायची वेळ आहे.

प्रदर्शन झालं. तेवीस फोटो लागले. पाहुण्यांनी विचारलं, हे असं गुळगुळीत, चकाकी नसलेलं काम पुण्यात करून घेतलं का? मी छाती फुगवून शेळगावचं नाव सांगितलं. चोविसावा फोटो भाभींनी परत दिलाच नाही आणि मी मागितला नाही. माझ्या आजवरच्या चुकांमध्ये एवढी उपयोगी पडलेली ही एकच.

आता मी बारामती-इंदापूर रस्त्यानं जाताना रिकाम्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जातो. मागचे हॉर्न मारतात, शिव्या घालतात. सुनंदा म्हणते, एक दिवस मार खाल. आत्तापर्यंत पाच किटल्या सापडल्या. फोटो काढून भाभींना पाठवतो. एका रविवारी काहीच मिळालं नाही, तसं सांगायला फोन केला, तर मागून दस्तगीरभाईंचा वैतागलेला आवाज, "आगं, कशाला त्या मास्तरला उन्हातान्हात पळवती? दुसरं काम न्हाय का त्यांला?" भाभींनी फोन त्यांच्याकडे दिला. चपलांचा आवाज आला, दाराची कडी वाजली. ते अंगणात आले असावेत. मग अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "सर, हिकडं बघू नका. कोऱ्हाळ्याच्या अंगाला जावा. तिकडं लई काढल्यात."